मेसरश्मिट १०९: क्रॉस डिकॅलने की मास्कने?
दुसऱ्या महायुद्धातल्या या जर्मन लढाऊ विमानाच्या १/४८ प्रमाणातल्या मॉडेलवर (जी-६ आवृत्ती) पंखांवरचा युद्धाच्या उत्तरार्धातला जर्मन क्रॉस म्हणजे नुसती पांढरी चौकट, आतून कॅमोफ्लाज दिसतो. तिथे डिकॅलची (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चित्राची) पारदर्शक फिल्म चमकून चुगली करते, म्हणून मास्कच (रंग मारताना चिकटवायचा कापीव स्टेन्सिल) बरा. पांढरा रंग एअरब्रशने, १२ पीएसआय दाबाच्या आसपास, पातळ थरांत मारा. ओला थर मास्कखाली झिरपतो. रंग बोटाला चिकटेनासा झाला की मास्क काढा, नाहीतर कडेला उंचवटा राहतो.

विमानावरची बारीक सूचनाअक्षरं मात्र डिकॅलनेच, मास्क कापणार कोण? आधी ग्लॉस वार्निश. मॅट रंगाच्या खरखरीत पृष्ठभागावर हवा अडकते आणि चंदेरी डाग पडतात. डिकॅल कोमट पाण्यात १०–१५ सेकंद, खाली मायक्रो सेट (डिकॅल चिकटायला मदत करणारं द्रव), वरून मायक्रो सोल (डिकॅल मऊ करणारं द्रव). सोलने डिकॅल सुरकुततं. घाबरून बोट लावू नका, वाळताना पॅनेलरेषांत आपोआप बसतं.