क्रूझवरचा शेवटचा ‘सी डे’: काही सफरींनंतरचं मत

क्रूझबद्दल लिहिणारे लोक बंदरांवर, बुफेवर आणि केबिनच्या आकारावर भरभरून लिहितात. शेवटचा अख्खा दिवस कुठेही न थांबता समुद्रात जातो, तोच ‘सी डे’. त्याबद्दल मात्र ‘आराम केला, बॅगा भरल्या’ एवढंच. वेगवेगळ्या जहाजांवर हा दिवस काढल्यानंतर माझं मत असं झालं आहे, की सफरीतला सगळ्यात निवांत दिवस हाच. फक्त तो बाकीच्यांच्या उलट्या वेळापत्रकाने घालवायला हवा. कसा, ते पुढे. पाचपैकी चार गुण.

हा दिवस मुळात असतो तो अंतरामुळे. मोठं क्रूझ जहाज साधारण १८ ते २२ नॉट, म्हणजे ताशी ३३ ते ४० किलोमीटर वेगाने जातं. वेग थोडा वाढवला तरी इंधनाचा खर्च त्या मानाने बराच जास्त वाढतो, त्यामुळे कंपनीला घाई नसते. शेवटचं बंदर लांब असेल तर एक रात्र, एक दिवस आणि आणखी एक रात्र चालून जहाज पहाटे मुक्कामाला लागतं. दुपारी बाराच्या सुमारास बहुतेक जहाजांवर ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवतात त्या कक्षातून, घोषणा होते: आपण कुठे आहोत, वारा किती, वेग किती. ती जरूर ऐका. संध्याकाळी डेकवर बसता येईल का, ते हवामानाच्या त्या दोन वाक्यांत कळतं.

आता गर्दीचं गणित. सकाळी दहा ते दुपारी तीन सगळं जहाज पोहण्याच्या तलावाभोवती लोटतं. टॉवेल टाकून खुर्च्या अडवणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही, रक्तदाब वाढतो. चारनंतर हीच मंडळी एकेक करून केबिनमध्ये जातात आणि बॅगांशी झटापट सुरू करतात. मग संध्याकाळी चार ते सहा डेक जवळजवळ रिकामा. म्हणून आम्ही सकाळी नाश्त्यानंतर तासाभरात बॅगा भरून मोकळे होतो आणि ती संध्याकाळ बाहेर काढतो. पहाटेही तसंच: सातच्या आत वर गेलात तर झाडलोट करणारे कर्मचारी आणि दोन-चार चालणारे, बस्स.

बॅगांची पद्धत पहिल्यांदा जाणाऱ्यांना माहीत नसते. रंगीत टॅग केबिनमध्ये येतात, ते लावून मोठ्या बॅगा रात्री दहा-अकराच्या आत दाराबाहेर ठेवायच्या. त्या सकाळी थेट बंदरावरच्या हॉलमध्ये मिळतात. मधल्या वेळात त्यातलं काहीही हाती लागत नाही. औषधं, पासपोर्ट, चार्जर, दुसऱ्या दिवशीचे कपडे आणि मुख्य म्हणजे बूट हातातल्या पिशवीत हवेत. एका सफरीत शेजारच्या केबिनमधले गृहस्थ कडक इस्त्रीच्या शर्टाखाली जहाजाच्या पांढऱ्या सपाता घालून उतरले होते. सगळं सामान स्वतः ओढत सर्वांत आधी उतरण्याची सोयही असते, पण त्या वेळी लिफ्ट मिळणं मुश्कील. वरच्या मजल्यावर केबिन असेल आणि सोबत वयस्कर कोणी असेल तर टॅगच बरे.

बिलाचं काम तर आदल्या दिवशीच उरका. जहाजावर सहसा रोख चालत नाही, जवळजवळ सगळं केबिनच्या कार्डवर चढतं. शेवटच्या संध्याकाळी रिसेप्शनसमोर जी रांग लागते ती पाहून जेवणाची भूक मरते. ॲपवर किंवा केबिनमधल्या टीव्हीवर हिशोब दिसतो, तो ओळीओळीने तपासा. आमच्या एका बिलात न घेतलेली पेयं होती. ती काढून दिली, पण विचारलं म्हणून. बहुतेक कंपन्या टिप माणशी दररोज आपोआप लावतात, हेही त्यातच दिसेल. डेबिट कार्ड दिलं असेल तर अडकवून ठेवलेली रक्कम मोकळी व्हायला काही दिवस लागू शकतात. शक्य तर क्रेडिट कार्डच द्या.

पाचवा गुण कापला तो विक्रीच्या माऱ्यासाठी. बंदरात असताना कर आणि सीमाशुल्काच्या नियमांमुळे जहाजावरची दुकानं आणि कसिनो सहसा बंद असतात. त्यांची कमाई समुद्रातच, आणि हा दिवस शेवटचा. दर तासाला ‘अखेरची संधी’. घड्याळांच्या सवलतीत मला दम वाटला नाही. स्पाच्या सवलती बहुधा बंदराच्या दिवशी असतात, आज पूर्ण दर. पुढच्या क्रूझचं आगाऊ बुकिंग करणाऱ्या टेबलावर मात्र कधीकधी खरोखर फायदा होतो. अनामत परत मिळते का, एवढं आधी विचारा.

हलण्याबद्दल थोडं. स्टॅबिलायझरचे पंख जहाजाचं डावं-उजवं डोलणं कमी करतात, पुढचं टोक वर-खाली होणं थांबवत नाहीत. खवळलेल्या समुद्रात तलाव बंद करून रिकामाही करतात. मळमळणाऱ्यांनी खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यभागी बसावं. घरी गेल्यावर एखादा दिवस जमीन डोलल्यासारखी वाटते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आठवड्याहून जास्त राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.

बाल्कनीची बाजू निवडताना परतीची दिशा बघा. जहाज उत्तरेकडे जात असेल तर दुपारचं ऊन आणि सूर्यास्त डाव्या बाजूला, दक्षिणेकडे जात असेल तर उजव्या.

तीन-चार रात्रींची छोटी क्रूझ घेणाऱ्यांनी मात्र आधी कार्यक्रमपत्रिका वाचावी. तिथे हा एक दिवस म्हणजे सफरीचा मोठा हिस्सा. गावं बघायला निघाला असाल तर शेवटी ‘सी डे’ नसलेली सफर शोधा, आणि उतरायच्या दिवसाचं विमान दुपारनंतरचंच घ्या.