लाकडी जहाज की प्लास्टिकचं? बेळगावच्या हवेत पहिलं मॉडेल करायला बसणाऱ्यासाठी

माझा भाचा खानापूरहून रोज उद्यमबागला कामाला येतो. मध्ये मित्रांबरोबर कारवारला गेला, तिथे बीचवर ठेवलेली आयएनएस चपल ही नौदलाची जुनी क्षेपणास्त्र बोट आतून-बाहेरून बघून आला आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात जहाजच बसलंय. "मामा, तू दोन्ही केलायस न्हवं, मग सांग की, लाकडाचं घेऊ का प्लास्टिकचं?" फोनवर सांगायला लागलो तर तासभर गेला आणि तरी निम्मं राहिलं, म्हणून नीट लिहून काढतोय, असाच विचार करत बसलेले अजून कोणी असतील तर त्यांनाही होईल.

लोकांना वाटतं प्लास्टिक म्हणजे पहिली ते चौथी आणि लाकूड म्हणजे कॉलेज, एक झालं की दुसऱ्यात जायचं. तसं काही नाही. प्लास्टिकच्या किटमध्ये जहाजाचा हल, म्हणजे बाहेरचं अंग, तयारच येतो, एक तरी अख्खा नाहीतर दोन अर्धे, म्हणजे आकार कंपनीनं दिलेला आणि तुमच्याकडे उरतं ते साफसूफ, सांधणं, रंग आणि बारकावे. लाकडी किटचा बॉक्स उघडला तर आत प्लायवुडची कील म्हणजे तळाचा कणा, बल्कहेड म्हणजे त्यावर आडव्या बसणाऱ्या फासळ्या, आणि पातळ पट्ट्यांची जुडी, एवढंच. महिना-दोन महिने टेबलावर माशाच्या काट्यासारखं काहीतरी पडलेलं असतं, घरातले विचारतात हे काय आहे, आणि त्यातनं जहाजाचा आकार तुम्ही स्वतः काढायचा असतो. ज्याला रंगकामाची ओढ आहे त्यानं लाकूड घेतलं तर सहा महिने तो रंगाला हातही लावणार नाही, आणि ज्याला सुतारकाम आवडतं त्याला प्लास्टिकमध्ये हात शिवशिवत बसावं लागतं. म्हणून आधी हे ठरवा, पैसे नंतर.

लाकडातलं खरं काम म्हणजे प्लँकिंग, सांगाड्यावर पट्ट्या चिकटवून हल झाकणं, ते जरा सविस्तर सांगतो कारण बहुतेक लोक तिथेच सोडतात. समजा मधल्या बल्कहेडवर डेकपासून कीलपर्यंतचं माप १२० मिमी आलं आणि पट्टी ५ मिमी रुंद आहे, तर २४ पट्ट्या लागतील. पण नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला, तेच माप ७२ मिमी भरतं, म्हणजे तिथे प्रत्येक पट्टी ३ मिमीची व्हायला पाहिजे, म्हणून पट्टी पुढे निमुळती करत न्यायची. न करता सरळ चिकटवत गेलं की चौथ्या-पाचव्या पट्टीला ती एकमेकींवर चढायला लागतात, मग माणूस ओढूनताणून बसवतो आणि नाळ वेडीवाकडी होते. निम्म्यापेक्षा जास्त निमुळती पण करू नये, तशी वेळ आली तर एक पट्टी मध्येच संपवायची. मागच्या बाजूला उलटं होतं, तिथे जागा उरते आणि पाचरीसारखा तुकडा घालावा लागतो. वाकवायला मी पट्टी गरम पाण्यात वीसेक मिनिटं ठेवतो आणि आईच्या जुन्या पितळी सोऱ्याभोवती गुंडाळून सुतळीनं बांधून रात्रभर सोडतो, सकाळी ती बाक धरून बसलेली असते. आणि एक पट्टी डावीकडे लावली की पुढची उजवीकडे, हे चुकवायचं नाही, एकाच बाजूनं भरत गेलात तर कीलच पीळ खाते आणि नंतर काही केल्या सरळ होत नाही.

आता आपल्या हवेचं. माझा पहिला हल मी आषाढ-श्रावणात प्लँक केला, बाहेर आपल्याकडचा पाऊस, खोलीत ओलावा, पट्ट्या इतक्या घट्ट बसल्या होत्या की मी खूश होतो. होळीच्या सुमारास कपाटातनं काढला तर पट्ट्यांमध्ये नख जाईल एवढ्या फटी! लाकूड ओलाव्यात रुंदीला फुगतं आणि सुकलं की आकसतं, लांबीत फारसा फरक पडत नाही, त्यामुळे फटी बरोबर पट्टीच्या कडेनंच पडतात. नशीब की ते दोन थरांचं मॉडेल होतं, खालच्या थराच्या फटी त्याच लाकडाचा भुसा फेविकॉलमध्ये कालवून भरल्या आणि वर अक्रोडाचा पातळ थर बसला. तेव्हापासून प्लँकिंग मी दिवाळी ते शिवरात्र एवढ्यातच करतो आणि पावसाळ्यात तोफांचे गाडे, कप्प्या, शिड्या असलं सुटं काम घेतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबी भागात राहणाऱ्यानं तर हे पाळायलाच पाहिजे. दोऱ्याचंही तेच आहे, सुती दोरा ओलाव्यानं आखडतो आणि सुकला की सैल पडतो, म्हणून रिगिंगला, म्हणजे डोलकाठ्या-शिडांच्या दोरकामाला, पॉलिस्टरचा दोरा घ्या आणि मेणावरनं ओढून घ्या, दोऱ्याचे केस बसतात.

प्लास्टिकला पावसाचं काही वाटत नाही. कापा, घासा, चिकटवा, बाराही महिने चालतं. अडतो तो रंग. पावसाळ्यात लॅकरचा स्प्रे मारला की थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतला ओलावा त्यावर धरतो आणि रंग पांढुरका पडतो. एका श्रावणात मी अख्खी विनाशिका अशी घालवली आणि सगळा रंग काढून पुन्हा केला. मग जोडणी पावसात आणि स्प्रे ऊन पडल्यावर अशी वाटणी करून टाकली, आता अडचण येत नाही. तसा एअरब्रश, म्हणजे रंगाचा बारीक फवारा मारायचं यंत्र, पहिल्या किटला लागतोच असं नाही, ॲक्रिलिक पातळ करून ब्रशनं दोन-तीन हात मारले तरी करडा रंग छान बसतो. पण पुढे घ्यायचा असेल तर आधी गणपती रंगवणाऱ्या एखाद्या ओळखीच्या मूर्तिकाराकडे चार संध्याकाळी जाऊन बसा. मला स्प्रे मारायला एका मूर्तिकारानंच शिकवलं, हात मूर्तीच्या बाहेरूनच हलवायला सुरू करायचा, वाटेत बटण दाबायचं, पलीकडे बाहेर गेल्यावर सोडायचं, थांबायचं कुठेच नाही. एवढ्या एका गोष्टीनं ओघळ बंद झाले.

प्लास्टिकचं अवघड काम कुठलं तर पितळेचे बारीक भाग, ज्याला फोटो-एच म्हणतात. खऱ्या जहाजावर मीटरभर उंचीचा कठडा असतो, १/३५० ला, म्हणजे खऱ्याच्या साडेतीनशेव्या हिश्शाएवढ्या मॉडेलवर, तो ३ मिमी होतो आणि १/७०० ला दीड मिमीसुद्धा भरत नाही. त्यातले आडवे गज साच्यात प्लास्टिक ओतून एवढे बारीक निघत नाहीत, म्हणून पितळेच्या पातळ पत्र्यावर ॲसिडनं कोरून करतात. तो कठडा पत्र्यातनं कापायचा, डेकच्या कडेप्रमाणे कागदावर वाकवून बघायचा, सुईच्या टोकावर सुपरग्लूचा थेंब घेऊन दोन-तीन ठिकाणी टेकवायचा, आणि हे सगळं श्वास धरून. चिमटा हातातनं निसटला तर तो भाग उडतो आणि फरशीवर सापडत नाही, म्हणून मी मांडीवर पांढरं फडकं पसरून बसतो. चिमटे ऑनलाइन मागवू नका, शहापुरात सोनारकामाची हत्यारं मिळतात तिथे जा, बारीक चिमटा, हातानं फिरवायचं ड्रिल, केसासारखं पातं असलेली करवत, सगळं मिळतं आणि हातात धरून बघता येतं. ही हत्यारं लाकडालाही तेवढीच चालतात. पहिल्या किटला मात्र फोटो-एच घेऊ नका, किटमध्येच आलं असेल तर बाजूला ठेवा.

साइझचा अंदाज घेताना लोक फसतात. नवीन विक्रांत २६२ मीटर आहे, म्हणजे १/३५० ला ७५ सेंटिमीटर, १/७०० ला साडेसदतीस. लाकडात एचएमएस व्हिक्टरी सगळ्यांना हवी असते, १०४ तोफांचं जहाज, १/७२ ला पुढच्या काठीसकट जवळजवळ १.४ मीटर, वर काचेची पेटी धरली तर ती टिळकवाडीतल्या कुठल्या फ्लॅटमध्ये ठेवणार सांगा. आणि पेटी लागतेच, रिगिंगवर धूळ बसली की ती काढायला जाऊन दोरेच तुटतात. पहिलं लाकडी मॉडेल एका डोलकाठीचं घ्या, छोटी मच्छीमार बोट नाहीतर कटर जातीचं लहान जहाज. व्हिक्टरी पहिल्याच झटक्यात घेऊन माळ्यावर टाकलेले लोक मला माहीत आहेत, हौस सगळ्यांनाच होती, पण एकसारख्या शंभर तोफा करता करता माणूस थकतो.

पैशाचं थोडक्यात. एका मध्यम लाकडी किटच्या पैशात १/७०० ची चार-पाच छोटी प्लास्टिक किट येतात, आणि बाहेरून मागवलं तर कस्टमचं वेगळं. पण प्लास्टिकमध्ये रंग, थिनर, पुट्टी, प्रायमर असं दर वेळी थोडं थोडं लागत राहतं, लाकडात एकदा बॉक्स घेतला की वर्ष-दीड वर्ष फेविकॉल आणि पॉलिश पेपर सोडून फारसा खर्च नाही. तासाच्या हिशेबानं बघितलं तर लाकूड महाग पडत नाही.

शिकायला १/७०० मध्ये जपानी वॉटरलाइन मालिका मला सगळ्यात बरी वाटते, १९७१ मध्ये शिझुओकाकडच्या तामिया, हासेगावा, आओशिमा आणि फुजिमी या चार कंपन्यांनी मिळून सुरू केलेली. पाण्याखालचा भाग नसतो, त्यामुळे टेबलावर ठेवलं की जहाज पाण्यात असल्यासारखं दिसतं आणि काम लवकर संपतं. पहिलं मॉडेल संपणं फार गरजेचं असतं. ज्याला चपलच करायची आहे त्यानं ओसा क्लासचं, म्हणजे चपल ज्या सोव्हिएत बनावटीच्या बोटींपैकी आहे त्यांचं, १/७२ चं किट बघावं, ३८.६ मीटरची बोट म्हणजे साधारण ५४ सेंटिमीटर, कठडे हातानं करता येतील एवढे मोठे. फक्त बॉक्सवर ओसा-२ आहे ना बघा, चपल ओसा-२ आहे, तिचे क्षेपणास्त्राचे चारही कंटेनर गोल नळकांड्यासारखे, आणि ओसा-१ चे चौकोनी पेटीसारखे असतात. आणि कारवार एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे, करायला घेतलेलं जहाज समोर उभं असणं हे किती जणांच्या नशिबात असतं! जाऊन फोटो काढा, गंज कुठनं ओघळलाय, रंग कुठे उडालाय, नांगराची साखळी कुठे घासते, ते बॉक्सवरच्या चित्रात कधी दिसत नाही.

लाकडात आपल्याकडचं जहाज पाहिजे तर गोष्ट वेगळी. कान्होजी आंग्र्यांच्या आरमारातलं गुराब किंवा गलबत, याचं चांगलं तयार किट माझ्या बघण्यात नाही, ते स्वतःच ड्रॉइंग करून करावं लागतं. त्यासाठी मात्र बेळगावसारखी जागा नाही, ड्रॉइंग कॉम्प्युटरवर काढलं तर उद्यमबागेत ३ मिमी प्लायमध्ये बल्कहेड लेझरनं कापून मिळतात. मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालेली कौंडिण्य ही शिडाची नौका, अजिंठ्याच्या चित्रावरून बांधलेली आणि फळ्या दोरानं शिवलेली, तीही मला एकदा करायची आहे, फळ्यांना खरी भोकं पाडून शिवून. पण हे तिसऱ्या-चौथ्या मॉडेलचं काम.

आणि सागवान. आपल्याकडे दांडेली-खानापूरचा साग आहे म्हणून लोक म्हणतात त्याच्याच पट्ट्या काढ. एचएमएस ट्रिंकोमली मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानातच बांधली, १८१७ मध्ये पाण्यात सोडली आणि ती आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे, लाकडाच्या ताकदीबद्दल प्रश्नच नाही. पण मॉडेलवर सागाच्या रेषा फार मोठ्या दिसतात, १/६४ ला ती रेष खऱ्या जहाजावर वीतभर रुंद असल्यासारखी वाटते आणि सगळं प्रमाण बिघडतं. सागाचा तुकडा स्टँडला वापरा, तिथे तो शोभतो.

कागदी मॉडेलही असतात, स्वस्त, १/२५० ला सुंदर होतात, पण पावसाळ्यात आपल्या भागात कागद मऊ पडतो, वार्निश मारल्याशिवाय टिकत नाही. शाळेतल्या मुलांबरोबर करायला मस्त, बाकी मी जास्त केलेले नाहीत.

भाच्यापुरतं बघायचं तर त्याची शिफ्टची नोकरी, भाड्याची एक खोली, रोज तासभर मिळेल न मिळेल. प्लँकिंगला तास-दीड तास सलग बसावं लागतं, पट्टी ओली करून उठून जाता येत नाही. प्लास्टिक अर्धा तासही घेता येतं आणि झाकण लावून ठेवता येतं. तरी मी त्याला काही ठरवून दिलं नाही, गेल्या रविवारी घरी बोलावलं आणि टेबलावर दोन्ही ठेवलं. पट्ट्या त्यानं हौसेनं वाकवल्या, सोऱ्याला बांधल्या, हात पुसले. मग जुन्या किटमधला उरलेला पितळी कठडा घेतला आणि सराव म्हणून एका मोडक्या हलवर बसवायला लागला, दोनदा वाकडा झाला, तिसऱ्यांदा बसला, आणि लगेच दुसरी बाजू घेतली. त्याची मामी दोनदा जेवायला हाक मारून गेली. संध्याकाळी बसला जायच्या आधी त्यानं ओसा-२ चं किट मागवलं, आणि त्याच्या पट्ट्या अजून माझ्याकडे सोऱ्यालाच बांधलेल्या आहेत.