मणीमाळ, किंमत १४० रुपये: सात महिन्यांनंतर (आणि तो अकरावा मणी)

शंभर मण्यांची माळ म्हणजे काय हे सांगत बसत नाही. दहा लाल, दहा पांढरे, परत दहा लाल. मोजणी शिकवायला जिल्हा परिषदेच्या शाळेत भिंतीला लटकलेली असते, तीच. आमच्या घरी ती जुलैत आली, आता फेब्रुवारी चालू आहे. आठवड्याभरात माळ्यावर जाईल अशी माझी खात्री होती. माळ्यावर तिला सोबतही बरीच होती.

त्यात पहिला मान अबॅकसच्या पेटीचा. क्लासची फी महिना १,२०० रुपये, आठ महिने, म्हणजे ९,६००. घरात गणिताची बोंब असली तरी हा गुणाकार मला झोपेतही येतो. वरचा मणी पाचाचा, खालचे चार एकेकाचे, मग हवेत बोटं नाचवायची. दुसऱ्या लेव्हलचं प्रमाणपत्र लॅमिनेट करून मिळालं. पण पन्नासच्या नोटेतून बत्तीस रुपयांचं दूध आणलं तर परत किती येतील, असं विचारलं की लेक माझ्या तोंडाकडे बघायची. क्लासवाले म्हणाले, चौथ्या लेव्हलनंतर फरक दिसेल. मी म्हटलं, तेवढे पैसे नाहीत. विषय संपला.

खरी अडचण वेगळीच होती. तिसरीतली मुलगी, मराठी माध्यम, ‘त्रेपन्न’ ऐकलं की ३५ लिहायची. तोंड आधी तीन म्हणतं आणि हाताला आधी पाच लिहायचे असतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय ना? विधानसभेतसुद्धा कोट्या झाल्या. डॉ. मंगला नारळीकर गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. जुने शब्द काढलेले नाहीत, जोडाक्षरांना अडखळणाऱ्या मुलांसाठी ही जास्तीची सोय आहे, असं त्या परोपरीने सांगत होत्या. मी तेव्हा ते विनोद हौसेने पुढे पाठवले होते. आता स्वतःच्याच पोरीची वही समोर आली तेव्हा हसू आलं नाही.

शेजारच्या बाई मुळशी तालुक्यात शिक्षिका आहेत. त्या म्हणाल्या, “अहो, क्लास सोडा, मणीमाळ घ्या आणि रोज दहा मिनिटं बसा.” म्हणून अप्पा बळवंत चौकातून घेतली. १४० रुपये. भाव केला, कमी झाला नाही.

पहिला आठवडा चांगला गेला. दोन खिडक्यांच्या गजांना माळ ताणून बांधायची आणि कपडे वाळत घालायचा चिमटा खुणेला लावायचा. पन्नास आणि तीन डोळ्यांना वेगवेगळे दिसतात, त्यामुळे त्रेपन्नचे पस्तीस होणं तिथल्या तिथे थांबलं. ‘पन्नास तीन, त्रेपन्न’ असं ती दोन्ही म्हणायची. नारळीकरबाईंची मनातल्या मनात माफी मागितली.

मग नववा दिवस. गणित होतं २८ अधिक १५. तिने वहीत ४३ लिहिलं. मी म्हटलं, माळेवर पडताळू. अठ्ठाविसाव्या मण्यापुढे पंधरा मणी मोजले, चिमटा लावला आणि रंग वाचले: लाल दहा, पांढरे दहा, लाल दहा, पांढरे दहा, पुढे दोन. बेचाळीस. मी म्हटलं, “बघ, चुकलं. खोड.”

तिने खोडलं नाही. बोटांवर परत मोजलं, परत ४३. मी चिडले. “माळ खोटं बोलते का?” असं चक्क म्हणाले. ती उठली आणि एकेका मण्यावर बोट ठेवत पहिल्यापासून मोजत निघाली. चौथ्या दहाच्या शेवटी थांबली. “आई, इथे अकरा आहेत.”

अकराच होते. मी तीनदा मोजले, सासूबाईंनी चष्मा लावून मोजले.

आता मला सांगा, या वस्तूचं जगात काम काय? दहा मोजणं. ना बॅटरी, ना चार्जर, ना सॉफ्टवेअर. दहा मोजून रंग बदलायचा एवढंच, आणि तेच चुकलेलं. बाकीची माळ कितीही गुळगुळीत असू दे. आज सात महिन्यांनीही तो मणी आठवला की माझं डोकं फिरतं.

शनिवारी लेकीला घेऊन बसने पुन्हा अप्पा बळवंत. दुकानदार म्हणाला, “ताई, एक मणी जास्तच आला ना, कमी तर नाही!” त्याच्या डोक्यामागे ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी. मी आवाज चढवला, त्याने माझ्यापेक्षा चढवला. तेवढ्यात लेकीने काउंटरवरची दुसरी माळ ओढून मोजायला घेतली. तिच्यात एका जागी नऊच निघाले. मग दुकानातला पोऱ्यापण तिच्यासोबत मोजायला लागला. तिसरी माळ बरोबर निघाली. दुकानदार कुरकुरत बदलून द्यायला तयार झाला, तर आमच्या बाईसाहेब जुनी द्यायला तयार होईनात. “मला ही पण हवी.” आणखी १४० मोजले. वर बसचं तिकीट.

पण तिथून घरात काहीतरी हललं, हे मान्य करते. “आमच्याकडे गणित कुणालाच नाही, माझ्या माहेरीसुद्धा नाही,” हे वाक्य मी तिच्यादेखत पाहुण्यांना सांगायचे. आता कोणी आलं की ती चुकीची माळ पुढे करते आणि म्हणते, “यात चूक कुठे आहे सांगा.” माझा भाऊ इंजिनिअर, त्याला सापडायला चार मिनिटं लागली. ती घड्याळ लावून बसली होती.

‘एकोणसाठ’ पन्नासच्या घरातला की साठच्या, हाही घोळ माळेने सोडवला. साठावर चिमटा, एक मणी मागे. साठाला एक उणा. तिने लगेच विचारलं, मग नव्व्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत? मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, “नाही म्हणत, एवढंच.”

वजाबाकीतही फायदा झाला. ५२ मधून ३७ काढायचे तर दशक उसना घेताना ती गडबडायची. माळेवर सदतिसापासून चाळिसापर्यंत तीन, तिथून बावन्नपर्यंत बारा, झाले पंधरा. ती हे तोंडी करते. शाळेत मात्र उभी मांडणीच लागते, त्यामुळे वहीत ते तसंच येतं आणि कधीकधी चुकतं. ते दुखणं अजून आहे.

तक्रारी आणखी आहेत. दोरा हलका. ऑक्टोबरात बरोबर माळेची गाठ सुटली आणि मणी कपाटाखाली गेले. ९९ सापडले, एक लाल गेलाच. मी म्हटलं, चुकीच्या माळेतला जादा मणी काढून लावू. “तो काढायचा नाही,” लेक ओरडली. शेवटी सासूबाईंनी डब्यातला एक जुना मोती नेलपॉलिशने रंगवला आणि जाड दोऱ्यात सगळी माळ नव्याने ओवली. मूळच्या गाठीपेक्षा त्यांची गाठ भक्कम आहे.

आणि शंभराच्या पुढे ही वस्तू संपते. तिसरीत तीन अंकी संख्या येतात, पाढे येतात. त्याला माळ फारशी उपयोगाची नाही. दुसरीत असतानाच घ्यायला हवी होती.

एक उपयोग मात्र कोणीच सांगितला नव्हता. भाजीवाल्याने सव्वा किलो वांग्यांचे शंभर मागितले, ऐंशी रुपये किलोने. मी मोबाइल काढेपर्यंत सासूबाई “बरोबर आहे” म्हणून पिशवी उचलून चालू लागल्या. चौथी शिकलेल्या आहेत; पावकी, निमकी, सवायकी (पाव, अर्ध्या, सव्वाचे जुने पाढे) पाठ. रात्री लेकीने त्यांना पकडलं. त्यांनी ऐंशी मणी हातात धरले, माळ मधोमध दुमडली, चाळीस. परत दुमडली, वीस. “हा पाव. ऐंशी नि हा पाव, सव्वा झाला.” लेकीने ते चार पदर किती वेळ धरून ठेवले होते. आता सासूबाई संध्याकाळी टीव्ही लावायच्या आधी तिला दोन-तीन गणितं घालतात. मी कणीक मळता मळता ऐकते आणि गुपचूप माझंही उत्तर काढते. दिडकीत अजून अडकते.

घ्यायची असेल तर दुकानातच दहा-दहा मोजून घ्या, पैसे देण्याआधी. दुकानदार वैतागेल, वैतागू दे.

सध्या दोन्ही माळा दारामागच्या एकाच खुंटीला आहेत. चुकीच्या माळेला लेकीने हिरव्या लोकरीचा तुकडा बांधलाय, नाहीतर आजी नेमकी तीच उचलते.