डॉन किहोते: स्वस्त, पण किंमतपट्टी नीट वाचा

१९८९ मध्ये तोक्योतल्या फुचू शहरात पहिलं दुकान उघडलेल्या ‘डॉन किहोते’ या जपानी दुकानांच्या साखळीत माल छतापर्यंत ठासलेला असतो. नूडल्सशेजारी सुटकेस, पुढे विग! ही दाटी मुद्दाम रचलेली, गिऱ्हाइकानं रेंगाळावं म्हणून. पट्टीवरचा मोठा आकडा बहुधा करापूर्वीचा असतो. खाद्यपदार्थांवर ८, इतर वस्तूंवर १० टक्के धरा. म्हणजे १,००० येनची कढई १,१०० ला पडते. करमाफीचा काउंटर पर्यटकांचा, रहिवाशांनी तिकडे फिरकू नये. ‘जोनेत्सु काकाकु’ या घरच्या ब्रँडचा सुकामेवा घ्यावाच. विजेच्या वस्तूवर फक्त १०० व्होल्ट लिहिलं असेल, तर ती भारतातल्या २३० व्होल्टवर थेट लावल्यास जळेल. बऱ्याच शाखा रात्री उशिरापर्यंत, काही २४ तास उघड्या. गर्दी टाळायची तर तेव्हाच जावं. दुकानात सतत वाजणारं त्यांचं गाणं मात्र तेव्हाही थांबत नाही.