दीड वर्षाचा आरोग्यविमा, एक लेप्टो आणि आमचं पावसाळ्याचं खातं

आम्ही मालवणजवळ देवबागात राहतो. मी, नवरा, तीन वर्षांची लेक आणि सासूबाई. मी काजूच्या कारखान्यात हिशेब बघते. नवऱ्याचा पर्यटकांच्या बोटीत भाग आहे आणि घरामागच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने देतो. म्हणजे पैसा येतो तो दिवाळीपासून मे अखेरपर्यंत. पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर, खोल्या रिकाम्या, आणि घर चालतं माझ्या पगारावर. हे आधी सांगते, कारण विमा कुठला घ्या हे सांगणारे खूप भेटले, पण हप्ता कुठल्या महिन्यात परवडेल हे एकानेही विचारलं नाही.

मे 2021 च्या तौक्ते वादळात घराची कौलं उडाली आणि होती ती शिल्लक त्यातच संपली. पुढे लेक झाली, आणि आजारपण आलं तर काय, ही भीती रात्री झोपू देईना. एप्रिल 2024 मध्ये ओळखीच्या एजंटकडून तिघांची फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्यांना मिळून एकच संरक्षण असलेली आरोग्य पॉलिसी, घेतली. सासूबाई म्हणाल्या, "अगो, बरां असताना दवाखान्याचे पैसे कित्याक भरूचे?" तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पॉलिसीचे कागद आल्यावर मी ते दोन रात्री बसून वाचले. एका पानावर झोनचं कलम होतं. आमचा पत्ता मालवणचा म्हणून हप्ता कमी, पण मुंबईत उपचार घेतले तर बिलाचे 20 टक्के आपल्या खिशातून. कोकणातल्या माणसाला मोठा आजार झाला की तो मुंबईच गाठतो. दीर डोंबिवलीला आहेत, आम्हीही तेच केलं असतं. एजंटला विचारलं तर म्हणाला, "तेवढं असतंच." पण कागद हातात आल्यापासून 30 दिवसांत पॉलिसी परत करता येते, आणि आम्ही ती केली. जितके दिवस संरक्षण होतं तितक्या दिवसांचे पैसे आणि मुद्रांक शुल्क कापून बाकी रक्कम खात्यात आली. आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येकाने हे कलम आधी शोधावं असं मला मनापासून वाटतं.

दुसरी पॉलिसी मे 2024 मध्ये घेतली. मे मुद्दाम निवडला, तेव्हा हातात पैसा असतो. 10 लाखांचं संरक्षण, झोनची अट नाही, खोलीच्या भाड्यावर मर्यादा नाही. भाड्याची मर्यादा असेल आणि त्यापेक्षा महाग खोली घेतली, तर नुसता भाड्यातला फरक नाही, डॉक्टरांच्या फीसकट बऱ्याच गोष्टी त्याच प्रमाणात कापल्या जातात. कंपनी जिथे कॅशलेस देते, म्हणजे बिल थेट भरते, अशा जवळच्या रुग्णालयांची यादीही कुडाळ, गोवा, कोल्हापूर अशी गावं टाकून तपासली.

खरी परीक्षा झाली जुलै 2025 मध्ये. नवरा लावणीला शेतात उतरला होता, पायाला जखम होती. आठ दिवसांनी ताप, डोळे लाल, पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की उभं राहवेना. कुडाळच्या एका छोट्या रुग्णालयात दाखल केलं. लेप्टो निघाला, पावसाळ्यात दूषित चिखलपाण्यातून होणारा आजार. ते रुग्णालय यादीत नव्हतं, म्हणून 14,000 रुपये रोख भरले. दुसऱ्या रात्री डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडावर परिणाम दिसतोय, गोव्याला हलवा. रुग्णवाहिकेत एका हाताने सलाईनची बाटली धरून दुसऱ्या हाताने मी कंपनीच्या नंबरवर दाखल होण्याची खबर दिली. ती 24 तासांत द्यावी लागते. पणजीजवळच्या रुग्णालयात कॅशलेसची पहिली मंजुरी तासाभरात आली.

सहा दिवसांचं बिल 1,38,600 झालं. कंपनीने 1,29,250 दिले, आम्ही 9,350. आमच्या वाट्याला आलं ते ग्लोव्ह्ज, मास्क, नोंदणी शुल्क असलं किरकोळ सामान. त्यासाठी वेगळं जोडसंरक्षण मिळतं, ते मी पैसे वाचवायला घेतलं नव्हतं. आता घेणार. सोडायच्या दिवशी मात्र जीव मेटाकुटीला आला. डॉक्टरांनी अकराला घरी जायला सांगितलं, पण रुग्णालयाकडून अंतिम बिल कंपनीकडे गेलं अडीचला. मंजुरी आली पाच वाजून दहा मिनिटांनी. कंपनीला नियमाने तीन तास असतात, ते बिल पोचल्यावर सुरू होतात. म्हणून सकाळीच बिलिंगच्या खिडकीवर जाऊन उभं राहावं. कुडाळचे रोख भरलेले पैसे मूळ बिलं, रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि रद्द केलेला चेक पाठवल्यावर 26 दिवसांनी मिळाले.

आयुर्विम्याचं थोडक्यात सांगते. लग्नात घेतलेली बचतीची पॉलिसी वर्षाला 28,000 खात होती आणि संरक्षण फक्त पाच लाखांचं. ती पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते बंद करून कमी संरक्षणावर चालू ठेवली, आणि नवऱ्याच्या नावे वर्षाला 12,700 रुपयांत 75 लाखांची टर्म, म्हणजे बचत नसलेला निव्वळ आयुर्विमा, घेतली, समुद्रावरचं काम अर्जात स्पष्ट लिहून. बोटीवर कर्ज आहे, म्हणून ही टर्म 1874 च्या विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याखाली केली. त्यामुळे ते पैसे माझे आणि लेकीचे राहतात, कर्ज देणाऱ्याला त्यावर हात टाकता येत नाही. शिवाय बँकेतून वर्षाला 20 रुपयांचा सरकारी अपघात विमा आणि 436 रुपयांची जीवनज्योती ही आयुर्विमा योजना. दोन्ही मे अखेरीला कापले जातात, तेवढी शिल्लक ठेवते.

हे सगळं पेलतं ते पावसाळ्याच्या खात्यामुळे. हंगामात दर सोमवारी बोटीच्या वाट्यातले 2,500 रुपये मी त्यात टाकते. तीस सोमवारांचे 75,000 होतात. मेमध्ये आरोग्याचे 20,150 आणि टर्मचे 12,700 गेले की 42,150 उरतात, म्हणजे जून ते सप्टेंबर महिन्याला साडेदहा हजार. कुडाळला भरलेली रोकड यातूनच काढली. कुणाकडे हात पसरावा लागला नाही, याचं मोल मला शब्दांत सांगता येत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून अशा वैयक्तिक पॉलिसींवरचा जीएसटीही गेला आहे.

सासूबाईंचं मात्र अजून मनासारखं झालेलं नाही. त्यांना साखर आणि रक्तदाब. फ्लोटरमध्ये घेतलं तर सगळ्यांचा हप्ता त्यांच्या वयावर जातो, आणि वेगळी पॉलिसी घेतली तरी जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं. सध्या राज्य सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेचा आधार आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, यादीतल्या रुग्णालयात यादीतले उपचार. रेशनकार्ड आणि त्यांचं आधार मी एकाच पिशवीत घालून दाराजवळच्या खुंटीला लावलंय. माझ्या पगारातले हजार रुपये दर महिन्याला त्यांच्या नावाने वेगळे काढते. परवा त्यांनीच विचारलं, "ह्या महिन्याचे टाकलंस मा?"