गुरुजींची ‘कमी चाललेली’ वॅगन आर : १६ महिने आणि १४ हजार किलोमीटरनंतर

जुनी गाडी घ्यायची म्हटलं की आमच्या सांगलीत पहिला प्रश्न किमतीचा नसतो आणि ॲव्हरेजचाही नसतो. ‘पाण्यात होती का?’ हा असतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५ फूट. मग जुलै २०२१ ला परत पूर. त्या दोन पुरांत बुडालेल्या सगळ्याच गाड्या काही भंगारात गेल्या नाहीत. धुऊन, वाळवून, सीट कव्हर बदलून त्यातल्या किती बाजारात फिरतायत कोण जाणे.

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहितो. घरी आई, बायको, दोन मुलं आणि एक स्कूटर. गेल्या वर्षी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि आठवड्यातून दोनदा मिरजेला व्यायामासाठी न्यायचं ठरलं. रिक्षाचं महिन्याचं भाडं वहीत मांडलं, तेव्हा गाडीचा विषय निघाला. नवीन घेण्याची ऐपत नाही आणि हप्ता नको होता. बजेट दोन लाख, ओढूनताणून सव्वादोन. मे २०२४ ची गोष्ट.

आधी ऑटो कन्सल्टिंगवाल्यांकडेच, म्हणजे जुन्या गाड्या विकणाऱ्यांकडेच गेलो. एका जागी वीस गाड्या बघायला मिळतात, तासाभरात बाजारभाव कळतो, एवढ्यासाठी तरी जावंच. तिथे एक पांढरी अल्टो आवडली. सन २०१४, मीटरवर ३२ हजार, पॉलिश असं की तोंड दिसावं. ‘मॅडमची गाडी आहे साहेब, फक्त भाजी आणायला वापरायच्या.’ सोबत आमचा मिस्त्री होता. त्याने बॉनेट उघडलंच नाही. ड्रायव्हरच्या सीटवर बसून बेल्ट ओढायला लागला. ओढला, ओढला, पार शेवटपर्यंत. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चहाच्या रंगाची आडवी रेघ, आणि तिच्या खाली वाळलेला बारीक गाळ. नखाने खरवडला तर पावडर पडली. मग पायाकडे बोट दाखवून म्हणाला, ‘ब्रेकच्या पेडलचं रबर बघा. ३२ हजारांत एवढं गुळगुळीत होतंय व्हय?’ कन्सल्टंटने लगेच दुसऱ्या गाडीकडे वळवलं. त्याला तसा राग येण्याचं कारण नव्हतं, रोजचंच असणार. सीट कव्हर, पॉलिश, अत्तराची बाटली सगळं बदलतात, पण बेल्ट कोणी बदलत नाही.

त्यानंतर ओळखीतून गुरुजींची गाडी कळली. मिरजेचे निवृत्त मुख्याध्यापक, वॅगन आर व्हीएक्सआय पेट्रोल, ऑगस्ट २०१३ चं एमएच-१० पासिंग, पहिलेच मालक, मीटर ६१,४००. मागणी दोन लाख पस्तीस. पूर आला तेव्हा गाडी उंचावरच्या कॉलनीत होती, शेजाऱ्यांनीही तेच सांगितलं. आदल्या रात्री फोन करून सांगितलं होतं, ‘सर, सकाळी आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका.’ इंजिन थंड असताना चालू करून बघायचं असतं. आधीच गरम करून ठेवली की धूर आणि खडखड दोन्ही लपतात. एका चावीत चालू झाली, निळा धूर नाही. बॉनेटच्या बोल्टांवरचा रंग शाबूत होता, म्हणजे पाना लागलेला नाही. दरवाज्यांची रबरं ओढून बघितली, आत कंपनीचे गोल वेल्डिंगचे ठिपके ओळीने. स्टेपनी काढून डिकीचा तळ बघितला, तोही सरळ, म्हणजे मोठा अपघात झालेला नाही.

पण मला पाडलं ते गुरुजींच्या वहीने. शंभर पानी, निळ्या शाईत, अकरा वर्षांची प्रत्येक टाकी. तारीख, मीटर, लिटर, रक्कम, आणि शेवटच्या रकान्यात कारण. ‘नरसोबाची वाडी’, ‘मुलीकडे’, ‘दवाखाना’, ‘नरसोबाची वाडी’. हिशेब लिहिणाऱ्या माणसाने असली वही बघितल्यावर घासाघीस कुठली करायची? तरी केली. दोन लाख दहाला ठरलं.

त्याच वहीत माझ्या पुढच्या वर्षभराचा खर्च लिहिलेला होता. तो मला तेव्हा वाचता आला नाही. २०२० नंतर नोंदी विरळ होत गेल्या होत्या. दोन टाक्यांमध्ये दोन-दोन, तीन-तीन महिने. चार वर्षांत जेमतेम सहा हजार किलोमीटर. मला वाटलं, वा, गाडी जपून वापरली आहे. खरं म्हणजे गाडी उभी होती.

कागदांचं आधी सांगतो, कारण पाच आठवडे त्यातच गेले. आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता. गुरुजींनी कर्ज २०१८ मध्येच फेडलं होतं, पण कर्ज फिटलं की नाव आपोआप निघतं असं त्यांना वाटलेलं. तसं होत नाही. बँकेची एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ घेऊन एचपी, म्हणजे आरसीवरची ही बोजाची नोंद, उतरवावी लागते. त्यात मधल्या काळात ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली, शाखेचं नाव बदललेलं आणि जुनी फाइल कुठल्या गोदामात ते कोणाला माहीत नाही. गुरुजी आणि मी चार वेळा गेलो. मी २५ हजार इसार दिला होता, चिठ्ठी करून, आणि गाडी त्यांच्याच दारात ठेवली. एचपी उतरेपर्यंत बाकीचे पैसे दिले नाहीत. गुरुजींनाही ते पटलं. एक जुनं नो-पार्किंगचं ई-चलनही निघालं, तर त्यांचा चेहरा असा झाला की जणू शाळा तपासणीत नापास झाली. दुसऱ्या दिवशी भरलं.

मग गाडी नावावर करण्याचे फॉर्म २९ आणि ३०. विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा, असा कायदा आहे. प्रत्यक्षात लोक या फॉर्मांवर नुसत्या सह्या घेऊन ठेवतात आणि वर्षानुवर्षं जुन्याच नावावर फिरतात. विकणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच सांगून टाकलंय की अपघाताच्या नुकसानभरपाईत सरकारी नोंदीवर ज्याचं नाव, तोच मालक. गाडी पाच वर्षांपूर्वी विकली असली तरी नोटीस तुमच्या घरी येणार. विम्याचंही तसंच आहे. गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीकडे नाव बदलाचा अर्ज करायचा. गुरुजींचा ५० टक्के नो क्लेम बोनस मला मिळणार नव्हता, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. फरकाचे पैसे भरले. ९९८ सीसीचं इंजिन हजाराच्या आत बसतं, त्यामुळे नुसता थर्ड पार्टी विमा तेव्हा, २०२४ मध्ये, २,०९४ रुपये अधिक जीएसटी एवढाच होता. मी मात्र फुल घेतला.

आता उभ्या गाडीची कहाणी. पहिल्याच सर्व्हिसिंगला एअर फिल्टरचं झाकण उघडलं आणि आत भुईमुगाच्या टरफलांचा ढीग. उंदराने संसार थाटला होता. मिस्त्री हसला, मी नाही हसलो. एका वायरचं आवरण कुरतडलेलं, ती टेप लावून भागली. तेल, सगळे फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल मिळून ३,४००.

जूनच्या पहिल्या पावसात अंकलीच्या अलीकडे पुढच्या टेम्पोने ब्रेक मारला, मी मारला, आणि गाडी साबणावर ठेवल्यासारखी पुढे गेली. टेम्पोच्या मागे हातभर अंतर राहिलं असेल. आई मागे ‘दत्ता दत्ता’ करत होती. टायरला नक्षी भरपूर होती, म्हणून मी निर्धास्त होतो. घरी येऊन कडेवरचे चार आकडे वाचले, १८१६. म्हणजे २०१६ सालच्या अठराव्या आठवड्यातला टायर. आठ वर्षांत रबर दगड झालेलं. चार टायर आणि अलाइनमेंट १५,१००. हे आकडे वाचायला एक मिनिट लागतं आणि खरेदीआधी मी ते वाचले नव्हते. वाचले असते तर किंमत अजून दहा हजारांनी खाली आणता आली असती.

बॅटरी ऑगस्टमध्ये गेली (३,९००). खड्ड्यातून जाताना पुढून खडखड यायला लागली ती सस्पेन्शनमधले लोअर आर्मचे रबरी बुश आणि लिंक रॉड, ७,८००. झिजले नव्हते, वाळून तडकले होते. एसीच्या कंडेन्सरला गळती, ५,६००. उभ्या गाडीत एसी महिनोन्महिने लावला नाही की सील सुकतात, असं एसीवाल्याचं म्हणणं. खरं असेलही, कारण एसीवाल्यांकडे प्रत्येक गळतीला एक कारण तयार असतं.

क्लच मात्र उभं राहण्याने गेला नाही, तो चालवण्याच्या सवयीने गेला. दिवाळीत पुण्याहून परत येताना खंबाटकी घाट चढताना कळलं. गाडीत पाच जण, इंजिन ओरडतंय, वेग काही वाढत नाही आणि जळका वास. कडेला उभी केली, अर्धा तास थांबलो, मग दुसऱ्या गिअरवर हळूहळू माथ्यावर. गुरुजी गाडी चालवताना डावा पाय कायम क्लचवर ठेवायचे, हे टेस्ट ड्राइव्हला मी स्वतः बघितलं होतं. तेव्हा म्हातारा माणूस म्हणून कौतुक वाटलं. नवा सेट मजुरीसह ६,९००. गाडी सपाट रस्त्यावर चालवून बघू नका. चढावर चौथा टाकून पाय दाबा. इंजिनाचा आवाज पळाला आणि गाडी मागे राहिली, तर समजून जा.

कागदपत्रांचे एजंटसकट ४,५०० धरून गाडीवर ४७,२०० गेले. म्हणजे गाडी पडली २,५७,२०० ला. विमा आणि पेट्रोल वेगळं.

कन्सल्टंटकडे अशीच गाडी दोन साठला सांगत होते, वर त्यांचं दोन टक्के कमिशन. तिथेही टायर आणि बॅटरी मलाच बदलावी लागली असती, फक्त कशामुळे ते कळलं नसतं. त्यांच्याकडे जावंच नये असं नाही. ज्याला बँकेचे हेलपाटे जमणार नाहीत, नोकरीत सुट्टी मिळत नाही, त्याने जावं. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरांनी आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं असा नियम आहे. अशा डीलरकडे गाडी सोपवल्याची नोंद पोर्टलवर होते आणि तेवढ्या काळापुरता मालक तोच धरला जातो. मी चार ठिकाणी अधिकारपत्र विचारलं. दोघांनी चहा पाजला.

गाडी म्हणून विचाराल तर मी खूश आहे. आईसाठी यासारखी दुसरी नाही. सीट उंच, दरवाजा उभा, गुडघा न मुडपता ती नुसती मागे टेकते आणि आत. के-टेन इंजिनाला टायमिंग चेन आहे, टायमिंग बेल्ट नाही, त्यामुळे तो बेल्ट बदलण्याचा खर्च नाही. जुन्या सँट्रो बघत असाल तर तिथे हा प्रश्न आधी विचारा. ॲव्हरेज गावात १४ ते १५, पुण्याच्या रस्त्यावर ८० च्या वेगाने १९. इथेनॉलच्या पेट्रोलने ॲव्हरेज पडतं असं सगळे बोलतात. वहीत गुरुजींचे जुने आकडे आहेत, त्यांना गावात साडेपंधरा मिळायचं. फरक पेट्रोलचा की माझ्या पायाचा, हे मी भांडून सांगणार नाही.

वाईटही सांगतो. एअरबॅग नाही, जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस नाही. अंकलीच्या प्रसंगानंतर हे रोज आठवतं. महामार्गावर मी ८०-८५ च्या वर जात नाही आणि मागे बसणाऱ्यांनाही बेल्ट लावायला लावतो. वाऱ्याच्या दिवसात उंचीमुळे गाडी बाजूला ओढते. डिकी नावालाच, दोन बॅगा ठेवल्या की संपली. आणि नोंदणी ऑगस्ट २०२८ ला संपते. त्यानंतर आरटीओची तपासणी, पाच हजार रुपये नूतनीकरणाची फी, वर पर्यावरण कर, आणि पुढची पाच वर्षं. दहा-अकरा वर्षांची गाडी घेताना किमतीला उरलेल्या वर्षांनी भागून बघावं. माझी वर्षाला साठ हजारांच्या आसपास पडते, २०२८ ला विकून जे येईल ते वेगळं. रिक्षापेक्षा जास्तच, पण रिक्षात वाडीला जाता येत नव्हतं.

नवी नंबर प्लेटही बसवून झाली, ८७९ रुपये. परवा ७५,६०० ला तेल बदललं. स्टिअरिंग कॉलममध्ये बारीक टकटक आहे, या मॉडेलला ती होतेच म्हणतात. मिस्त्री म्हणतो पाच हजार, मी म्हणतो दिवाळीनंतर बघू.