प्लेन्सबोरोत राहून ईगल्स बघायचे तर

न्यू जर्सीतली वेस्ट विंडसर आणि प्लेन्सबोरो ही गावं एकमेकांना खेटून आहेत. शाळांचा डिस्ट्रिक्टही एकच. टीव्ही मात्र वेगळा! वेस्ट विंडसर मर्सर काउंटीत, म्हणून फिलाडेल्फियाच्या टीव्ही केंद्रांच्या वाटणीला. प्लेन्सबोरो मिडलसेक्समध्ये, म्हणून न्यूयॉर्कच्या. रविवारी दुपारी १ वाजता फॉक्स चॅनेलवर एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधले फिलाडेल्फियाचे ईगल्स आणि न्यूयॉर्कचे जायंट्स दोघेही असले, की इकडे ईगल्स, तिकडे जायंट्स. मुलांची शाळा बदलत नाही म्हणून प्लेन्सबोरोत घर घेणाऱ्या ईगल्सवाल्यांना हे पहिल्या रविवारी कळतं.

सगळ्यांना आधी सुचतं ते लीगचं संडे तिकीट हे पैसे भरून घ्यायचं पॅकेज. २०२३ पासून ते यूट्यूबवर आहे, हंगामाला काहीशे डॉलर. तुमच्या भागात न लागलेले रविवार दुपारचे सामने त्यात दिसतात. पण ईगल्स चांगले खेळतात हीच पंचाईत आहे. त्यांचे बरेच सामने रात्री किंवा दुपारी साडेचारच्या सुमारास जवळपास देशभर दाखवतात. त्यांना तिकीट लागतच नाही. उरलेल्या मोजक्या दुपारींसाठी एवढे पैसे मला जड वाटतात. ही किंमत फुगवलेली आहे म्हणून जून २०२४ मध्ये ज्युरीने लीगला ४७० कोटी डॉलरचा दणका दिला होता, न्यायाधीशांनी ऑगस्टमध्ये तो रद्द केला.

लीगचं स्वतःचं ॲप एनएफएल प्लस पुष्कळ स्वस्त, पण थेट सामने फक्त फोन-टॅबलेटवर, आणि फोन जिथे असेल तिथलेच. म्हणजे घरच्या सोफ्यावर जायंट्स, आणि गाडी काढून वेस्ट विंडसरमधल्या प्रिन्स्टन जंक्शन स्टेशनच्या पार्किंगमध्ये गेलात तर ईगल्स. हौसेपुरतं एकदा ठीक.

मी अँटेना घ्या म्हणेन. केबलवाल्याला तुमचा पत्ता माहीत असतो, अँटेनाला काउंटी कळत नाही. फिलाडेल्फियाचे टीव्ही मनोरे तिथल्या रॉक्सबरो भागात, इथून सुमारे ४० मैल नैर्ऋत्येला. खिडकीला चिकटवायचा पातळ कागदासारखा अँटेना इतक्या लांबून बहुधा हात टेकतो. माळ्यावर किंवा छपरावर बसणारा घ्या, तोंड नैर्ऋत्येला करा आणि चॅनेल पुन्हा स्कॅन करा. २९ वर फॉक्स, ३ वर सीबीएस (सामने दाखवणारं दुसरं चॅनेल) सापडलं की काम झालं. खर्च एकदाच.

भाड्याचं अपार्टमेंट ईशान्येकडे तोंड करून असेल तर मात्र हा नाद सोडा, स्पोर्ट्स बार गाठा. आणि सप्टेंबरात चित्र अडखळलं म्हणून अँटेना लगेच परत करू नका. झाडांची पानं गळली की सिग्नल सुधारतो.